चिठ्ठीच्या पाठीवरची रेघ

"ह्या मॅडमच्या हाताला तार टिकतच न्हाई," पडद्यापलीकडून गोविंदमामा म्हणाले. मला ऐकवण्यासाठी नव्हे. कार्डिओग्रामचा कागद ओढता ओढता यंत्राशी बोलल्यासारखे म्हणाले. पण पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली जुनी हिरवी चादर होती आणि तिच्यातून सगळं ऐकू यायचं.

"सॉरी मामा," मी म्हणाले आणि गयाबाईंच्या डाव्या घोट्यावरचा रबरी पट्टा सोडून पुन्हा आवळला. तो सैल नव्हता. त्याखालचा पत्रा जागचा हललेला नव्हता, आणि पत्र्याखालचा मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस ओला होता. हे सगळं माझ्या बोटांना कळलं होतं. तरी मी सॉरी म्हणाले. काही बिघडलं की मी आधी सॉरी म्हणते, मग काय बिघडलं ते बघते.

"आता आली," पलीकडून मामा म्हणाले. "हलू नका म्हणावं."

गयाबाई हललेल्या नव्हत्या.

कापसाचा हंगाम पुन्हा आलाय. सकाळी दवाखान्यात यावं तर खिडकीच्या जाळीला पांढरे तंतू चिकटलेले असतात. जिंतूर रोडला खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेवरून येणारा वारा परभणीभर कापूस टाकत जातो. चहाच्या बशीत, सायकलच्या आऱ्यांत, रस्त्याकडेच्या बाभळींवर. लांबून बघावं तर बाभळीलाच बोंडं फुटली आहेत असं वाटतं. लोकांना हे दिवस आवडतात. दुकानांत गर्दी असते, पोरींच्या हातात नव्या बांगड्या असतात. मला मात्र ह्या दिवसांत मधूनच दचकायला होतं. चार हंगाम गेले. अजूनही कुणी नंबराची चिठ्ठी हातात दिली की मी ती आधी उलटी करून बघते.

मी शिकले इंग्रजी शाळेत. वडील औरंगाबादला बँकेत होते, आणि घरात आम्ही तिघंही कमी बोलणारी. शाळेत वर्गात बोट वर केल्याशिवाय बोलायचं नाही, आणि मी बोट वर करत नसे. डॉक्टर झाले, नोकरीला म्हणून परभणीच्या एका दवाखान्यात आले, तेव्हा मला सगळ्यात पहिली भीती वाटली ती इथल्या बोलण्याची. माणसं मोकळी, आवाज मोठे. "काय करायलाव मॅडम?" असं कुणी सहज विचारलं तरी मला जाब विचारल्यासारखं वाटे. माझं मराठी पुस्तकातलं. आकडे तर मी आजही मनात इंग्रजीत मोजते.

ते दिवस नामांतराच्या वादाचे होते. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जे नाव होतं, ते बदलावं की नाही ह्यावरून गावागावांत ताण होता. कधी मोर्चा, कधी बंद. एस.टी. कधी सुटे, कधी देवगाव फाट्यावरूनच परत फिरे. माणसं एका नावासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत होती, मार खात होती, तरी बोलायची थांबत नव्हती. मी दवाखान्याच्या गच्चीवरून त्यांच्या घोषणा ऐके. मला कुणी माझं नाव विचारलं तरी मी ते समोरच्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू सांगे.

दवाखान्यात मला पहिल्याच आठवड्यात एक काम ठरवून मिळालं. बाई पेशंटचा कार्डिओग्राम काढायचा असेल तर गोविंदमामा पडद्याआड यायचे नाहीत. आयाबाया छातीवरचा पदर बाजूला करायला तयार नसत, आणि मामांनाही ते नको वाटे. म्हणून हातापायाचे पट्टे आणि छातीवरचे रबरी फुगे मी लावायचे, आणि तारांच्या (सर त्यांना लीड म्हणत) दुसऱ्या टोकाला, पडद्याबाहेर, मामा यंत्र चालवायचे. बाई मला दिसे, तिची रेघ दिसत नसे. मामांना रेघ दिसे, बाई दिसत नसे. त्या काळी आम्हा सगळ्यांना ही व्यवस्था फार सभ्य वाटत होती.

गोविंदमामा साठीला आलेले. कंपाउंडर म्हणून लागले, आणि यंत्र आलं तेव्हा तेच शिकले. पांढरं धोतर, वर खाकी कोट, कोटाच्या खिशात कात्री. यंत्रातून हातभर लांब पट्टी निघायची. मामा ती टेबलावर पसरायचे, चष्मा पुसायचे, आणि प्रत्येक भागातले तीन-चार सुरेख ठोके निवडून कापायचे. मग ते जाड कार्डावर खळीनं ओळीनं चिकटवायचे. पेशंट हलला म्हणून रेघ थरथरली असेल, तार सुटून सपाट झाली असेल, तो भाग कापून बाजूला. "सायबाला स्वच्छ कागद लागतो," ते म्हणायचे. त्यांचं कार्ड खरोखर देखणं असायचं, लग्नपत्रिकेसारखं.

आणि बाजूला पडलेले तुकडे? मामा काही वाया घालवत नसत. तुकड्याची पाठ कोरी असते. ते त्यावर निळ्या पेन्सिलीनं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे, आणि दुपारच्या ओ.पी.डी.ला रांगेतल्या माणसांना नंबर म्हणून वाटायचे. तपासायला आत आलं की माणूस आपली चिठ्ठी टेबलावरच्या डबीत टाकी. त्या डबीकडे बघून मला कधी काही वाटलं नव्हतं.

हृदयाची ही रेघ वाचायला मला आवडायचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. आधी एक लहानसा उंचवटा येतो, तो वरच्या कप्प्याचा. मग क्षणभर सपाटी, मग एक बारीक उंच सुळका, तो खालच्या मोठ्या कप्प्याचा. मागून एक सावकाश टेकडी. वरून निघालेल्या निरोपाला हृदयात विजेचे रस्ते आखून दिलेले असतात. तो रस्त्यानं आला की खालचा कप्पा एका झटक्यात आवळतो, म्हणून सुळका बारीक. पण एखादा ठोका खालच्याच कप्प्यात, आपल्या मनानं उठला, तर त्याला रस्ता सापडत नाही. नांगरलेल्या रानातून ढेकळं तुडवत जावं तसा तो मांसातून वाट काढतो. वेळ लागतो. कागदावर सुळका रुंद होतो, फुगतो, बेढब दिसतो. असा एखादा आला तर माणसाला कळतही नाही, फार तर छातीत गचका बसतो. पण असे रुंद ठोके एकामागून एक, घाईनं, मध्ये श्वास न सोडता येऊ लागले, तर माणूस हातातून जायला मिनिटं पुरतात. आम्ही त्याला व्ही.टी. म्हणतो. शिकताना मी ह्या दोन अक्षरांनाच इतकी भीत होते की वहीत लिहिताना पेन दाबून धरायची.

गयाबाई पहिल्यांदा आल्या त्या दिवाळीनंतर. जिंतूरच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कापसाचं रान स्वतः बघायच्या. ठेंगणी, काटक बाई, कपाळ मोकळं, दात पानानं रंगलेले. अधूनमधून भोवळ येते म्हणून आल्या होत्या. मी पट्टे लावले, पलीकडे यंत्र गुणगुणलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्या दिवशी मी पडद्याबाहेर येऊन पट्टी बघितली. रुंद ठोका. पुन्हा रुंद. पुन्हा. सगळेच रुंद.

मी पळाले. वॉर्डातून सरांच्या खोलीपर्यंत, चपला वाजवत. सर म्हणजे दवाखान्याचे मोठे डॉक्टर, सगळ्या जिल्ह्यात नाव असलेले.

"सर, व्ही.टी.!"

सर उठून आले. गयाबाई खाटेवर बसून पानाला चुना लावत होत्या. सरांनी त्यांची नाडी बघितली, पट्टी बघितली, आणि हसायला लागले.

"किती रेट आहे?"

मी मोजला नव्हता.

"सत्तर. घड्याळासारखा. व्ही.टी.मध्ये बाई पानाला चुना लावत बसली असती का गं?" त्यांनी पेन्सिलीचं टोक पट्टीवर टेकवलं. "हे काय आहे?"

प्रत्येक रुंद ठोक्याच्या आधी केसाएवढी एक उभी रेघ होती. इतकी बारीक की चौकटीच्या रेघांत हरवून जावी.

"पेसमेकर आहे त्यांना. सहा-सात वर्षं झाली, हैदराबादला बसवलाय. वरचा निरोप खाली पोचत नाही, म्हणून यंत्र खालच्या कप्प्याला टोचून उठवतं. खालून उठलेला ठोका रुंदच येणार. एवढ्या टाचण्या दिसल्या नाहीत? कॉन्व्हेंटमध्ये टाचण्या नसतात वाटतं."

सिस्टर हसल्या, गोविंदमामा हसले, शेजारच्या खाटेवरचे लोकही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. गयाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "लेकरू भेलं हो," त्या म्हणाल्या. "काहून हसायलेत तिला?"

त्यानंतर मला दवाखान्यात 'कॉन्व्हेंट' हेच नाव पडलं. आणि मी पट्टीवर बोलायचं सोडून दिलं. पडद्याआडचं माझं काम करायचं, सॉरी म्हणायचं, आणि कार्ड सरांच्या टेबलावर पोचवायचं.

आता नर्सिंगच्या मुलींना मी हेच शिकवते: टाचणी, मग रुंद ठोका. त्या पटकन शिकतात, माझ्यापेक्षा धीट आहेत. एकीनं परवा विचारलं, "मॅडम, टाचणी आली आणि ठोका आलाच नाही तर?" मी फळ्यावर एक टाचणी काढली आणि तिच्यापुढे सपाट रेघ ओढत नेली, फळा संपेपर्यंत. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या वेळी गयाबाई आल्या तेव्हा वेचणी ऐन भरात आलेली होती. सकाळची वेळ. त्यांचा पुतण्या मुंजाजी ट्रॅक्टरमध्ये कापूस घेऊन खरेदी केंद्राकडे निघाला होता, त्यानं ह्यांना दवाखान्याच्या दारात उतरवलं. बसचा भरवसा नव्हता. संध्याकाळी तोच रिकाम्या ट्रॉलीत बसवून परत नेणार होता.

मी पदर बाजूला केला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत काडेपेटीएवढा फुगवटा होता. गयाबाई त्याला 'डबी' म्हणायच्या.

"तीन डाव भोवळ आली बाई," त्या छताकडे बघत सांगत होत्या. "परवा वेचता वेचता सरीतच बसले. बाया म्हणल्या, उन्हानं. ह्या थंडीत कुठलं आलंय ऊन?"

"दुखतं का कुठे?"

"काईच न्हाई. दिवा विझावा अन् लागावा तसं व्हतंय. मला लवकर सोड बरं का. रान पांढरं पडलंय. मी बांधावर न्हाई म्हणल्यावर ह्या बाया काय वेचणार? एक बोंड सोडीत न्हाई म्हणत्यात, अन् मागं वळून बघावं तर…"

त्या थांबल्या. डोळे छताकडेच होते, पण बुबुळं वर सरकली आणि खाली पांढरं दिसायला लागलं. ओठ 'तर'वरच उघडे राहिले होते.

नेमकं तेव्हाच पलीकडून मामा म्हणाले, "सुटली."

मी खाली वाकले. घोटा, पट्टा, कापूस. वर बघितलं तेव्हा गयाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"…तर झाडाला निम्मा कापूस तसाच," त्यांनी वाक्य पुरं केलं.

मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला शब्द आठवला नसेल. असं तीनदा झालं. तीनदा मामा "सुटली" म्हणाले, तीनदा मी सॉरी म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी ते माझ्या हाताबद्दलचं वाक्य ऐकू आलं. मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मी गयाबाईंच्या तोंडाकडे बघायचंच टाळलं. घोट्याकडे बघत राहिले. हे लिहायला मला चार वर्षं लागली आहेत.

दुपारी सरांनी कार्ड बघितलं. मामांनी सुरेख चिकटवलेलं: टाचणी, रुंद ठोका, टाचणी, रुंद ठोका, एकही चुकलेला नाही. "यंत्र झकास चाललंय," सर म्हणाले. "अशक्तपणा आहे. रक्त कमी असेल. गोळ्या घ्या, पोटभर जेवा, दोन महिन्यांनी दाखवा." त्या कार्डावरून कुणीही हेच म्हणालं असतं. मीसुद्धा.

गयाबाईंनी गोळ्या पदरात बांधल्या आणि ओट्यावर मुंजाजीची वाट बघत बसल्या.

चारला ओ.पी.डी. उघडली. बाकावर आणि बाकाखाली माणसं. माझं काम सरांच्या आधी नाव, वय, तक्रार लिहून घ्यायचं. तीन माणसं झाली. मग पागोटं घातलेला एक शेतकरी पुढे आला आणि त्यानं चिठ्ठी डबीत न टाकता माझ्या हातातच ठेवली. ती उलटी पडली.

गुलाबी चौकटींवर एक सपाट रेघ. तिच्यावर मधोमध एक टाचणी. टाचणीनंतर काही नाही.

मी ती सरळ केली. निळ्या पेन्सिलीनं चार. पुन्हा उलटी केली. टाचणी. काही नाही.

त्या दिवशी आमच्याकडे छातीत डबी असलेलं एकच माणूस आलं होतं.

तार सुटली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळपासून सगळे तेच म्हणत होते, मीही मानलं होतं. पण सपाट रेघेवर, टाचणीच्या अलीकडे आणि पलीकडे, लहान लहान उंचवटे होते. सारख्या अंतरावर, शांतपणे चाललेले. वरच्या कप्प्याचे. तार सुटली असती तर हे कुठून आले असते? सुटलेल्या तारेतून काहीच येत नाही, किंवा नुसता कचरा येतो. इथे वरचा कप्पा नीट चालला होता. डबी वेळेवर टोचत होती. आणि खालचा कप्पा उठत नव्हता.

घाबरल्यावर छाती धडधडते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं, टेबलावरच्या शाईच्या डागासकट.

मी उठले आणि रांगेसमोर हात पुढे केला. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसता हात.

"नंबर पाहिजे का?" पाच नंबरवाला म्हणाला. "घेताव तर घ्या मॅडम, पण आमी पाचवे हाव एवढं ध्यानात ठेवा."

"अन् आमाला मागं ढकलताल त न्हाई?" सहा नंबरची बाई.

"देऊन टाक गं, चिठ्ठी हाय, सातबारा न्हाई."

पागोटंवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. "ओ बाई, हे मह्या छातीचं हाय का? मह्याच छातीचं आसंल तर सांगा, आता भिऊन काय करायचं?"

मी मान हलवून नाही म्हणाले. पाच, सहा, सात, आठ, नऊ. मामांनी कापता कापताच आकडे घातले होते, म्हणून तुकडे क्रमानं होते. बाकावर माणसं ज्या क्रमानं बसली होती त्याच क्रमानं तो थांबलेला वेळ त्यांनी हातात धरला होता. एकाच्या बोटाला तंबाखू होती, एकीनं चिठ्ठी बांगडीत खोचली होती. मी ते टेबलावर कडेला कड लावून मांडले. कात्रीच्या कापाला काप जुळला. चारच्या अगदी कडेला कात्रीनं अर्धा कापलेला एक रुंद ठोका, मग टाचणी, टाचणी, टाचणी, टाचणी, टाचणी, आणि मग कुठे दुसरा ठोका. मी चौकटी मोजल्या, इंग्रजीत. पाच सेकंद.

मागं वळून बघावं तर… पाच सेकंद. …झाडाला निम्मा कापूस तसाच.

ती बाई माझ्या हाताखाली, माझ्या डोळ्यांदेखत पाच सेकंद नव्हती. आणि मी तिच्या घोट्याची माफी मागत होते.

"ते कायले गोळा करायलाव मॅडम?" गोविंदमामा दारात आले होते. "खराब आलेलं हाय ते, टाकाऊ. चांगलं तेवढं सगळं कार्डावर घेतलंय मी." त्यांच्या तोंडावर कुठलाही अपराध नव्हता. आपलं काम नीट केलेल्या माणसाचा तो चेहरा होता. मला त्या चेहऱ्याचा धक्का आजही गेलेला नाही. किती वर्षं ते असं चांगलं तेवढं निवडत होते? किती जणांचा चुकलेला ठोका, मध्येच आलेला बेढब ठोका, नंबर होऊन कुणा परक्या माणसाच्या मुठीत गेला आणि संध्याकाळी झाडून टाकला गेला? आणि मला तरी त्यांना काय म्हणायचा अधिकार होता? मी इंग्रजी शाळेत हेच शिकले होते. वहीत खाडाखोड नको. चुकलेलं पान फाडायचं, आणि स्वच्छ पान बाईंना दाखवायचं.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

मी सहा तुकडे मुठीत धरले आणि पळाले. फाटकाशी मुंजाजी स्टिअरिंगवर बसला होता, मागं रिकामी ट्रॉली. ट्रॉलीच्या मागच्या उघड्या फळीशी, फाळक्याशी, बारदाना अंथरून गयाबाईंना कडेला बसवलं होतं, पाय खाली सोडलेले, एका हातात फाळक्याची साखळी. जिंतूरचा रस्ता कसा आहे ते मला माहीत होतं. त्या हाताची पकड पाच सेकंद सुटली की पुरे होतं.

"थांबा" एवढाच शब्द हवा होता. तो येईना. तोंड उघडलं, वारा आत गेला, कापसाचा तंतू जिभेला लागला, आणि आवाज नाही. म्हणून मी ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभी राहिले. इंजिनाची ऊब पोटाला लागेल इतकी जवळ.

"ओ मॅडम! सरका की! जीव नको झाला का?" मुंजाजी ओरडला. मी सरकले नाही. त्यानं शिवी गिळल्यासारखं तोंड केलं आणि ब्रेकवर पाय दाबून धरला. रांगेतली माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली, पागोटंवाला सगळ्यात पुढे.

"काय झालं लेकरा?" गयाबाईंनी ट्रॉलीवरून विचारलं. "काई राहिलं का माझं?"

सर पायऱ्या उतरून आले. "काय तमाशा लावलायस? पेशंट बसलेत आत!"

मी मूठ उघडली. तुकडे घामानं हाताला चिकटले होते. एकेक सोडवून मी ते ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लावले, आणि ते थरथरायला लागले म्हणून तळव्यानं दाबून धरले. सरांनी वाकून बघितलं. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला नाही.

"लीड सुटलीय," ते म्हणाले. "दिसतंय की. म्हणूनच गोविंदानं कापलंय. पुढच्या वेळी नीट लाव. जाऊ दे त्यांना."

मागं कुणीतरी हसलं. 'कॉन्व्हेंट' असं कुणीतरी हळूच म्हणालं. माझ्या ओठांवर तो नेहमीचा शब्द आला, सॉरी. तो आलेला मला स्पष्ट जाणवला, दाताच्या अगदी आतल्या बाजूला. सरांनी मुंजाजीला हातानं 'निघ' अशी खूण केली. गयाबाईंनी साखळी धरली होती. त्यांचं तोंड उघडं होतं, काहीतरी बोलायला, आणि मी त्या तोंडाकडे बघत होते आणि ते बोलत नव्हतं. बुबुळं वर सरकत होती.

"लीड सुटली नव्हती," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता. "मी नीट लावली होती. चष्मा घाला सर, आणि हे लहान उंचवटे बघा. वरचा कप्पा चाललाय, डबी टोचतेय, आणि खालचा कप्पा उठत नाहीये. पाच वेळा उठला नाही. मुंजाजी, इंजिन बंद करा. धरा त्यांना, आत्ता, धरा! ह्या कुठेही जाणार नाहीत. मी जाऊ देणार नाही."